‘बाय’, ‘टिल’, ‘विदिन’, ‘फ्रॉम’ : इंग्रजी मेसेजमधली मुदत नेमकी कशी वाचायची?

मोबाईलवर बँकेचा, रेल्वेचा नाहीतर भरतीचा मेसेज येतो. चार-पाच शब्दांचं इंग्रजी असतं, तारीख दिसते, आणि आपण अंदाजाने अर्थ लावून मोकळे होतो. पण त्यातला एक छोटा शब्द चुकीचा समजला तर फॉर्मची मुदत निघून जाते, गाडी चुकते, कधी पैसेही अडकतात. वेळेबद्दल बोलताना इंग्रजीत नेहमी येणारे शब्द आणि त्यांचे अर्थ एका ठिकाणी देत आहोत.

पैसे गेले की जाणार आहेत?

बँकेच्या मेसेजमध्ये आधी क्रियापद बघा. ‘हॅज बीन डेबिटेड’ म्हणजे पैसे खात्यातून गेले. ‘विल बी डेबिटेड’ म्हणजे अजून गेलेले नाहीत, पुढे जाणार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटो-पेचे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. त्या मेसेजमध्ये ‘विल बी’ असतं. हप्ता नको असेल तर थांबवायची वेळ तीच.

‘क्रेडिटेड’चंही तसंच. ‘हॅज बीन क्रेडिटेड’ म्हणजे जमा झाले, ‘विल बी क्रेडिटेड’ म्हणजे होतील. माल विकताना कुणी असा मेसेज दाखवला तर ‘विल बी’वर माल सोडू नका. आणि मेसेज काहीही असो, आपल्या खात्यातली शिल्लक बघूनच खात्री करा.

इंग्रजीत ठरलेल्या वेळापत्रकासाठी साधा वर्तमानकाळही चालतो. ‘ऑफिस रीओपन्स ऑन मंडे’ म्हणजे ऑफिस सोमवारी उघडणार आहे.

‘पर्यंत’ एक, इंग्रजी शब्द दोन

‘सोमवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘सोमवारपर्यंत पाऊस राहील’, दोन्हीकडे आपण ‘पर्यंत’च म्हणतो. इंग्रजीत मात्र फरक आहे. एकदाच उरकायचं काम असेल तर ‘बाय’, आणि सतत चालू राहणारी गोष्ट असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’.

- सबमिट बाय 31 जुलै : 31 जुलैला किंवा त्याआधी कधीही द्या.
- ऑन ऑर बिफोर 31 जुलै : अर्थ तोच, 31 तारीख धरून.
- बिफोर 31 जुलै : 31च्या आधी, म्हणजे 30 जुलैपर्यंतच.
- व्हॅलिड टिल 31 जुलै : तोपर्यंत चालेल. पास, रिचार्ज, ऑफर यांवर हे लिहिलेलं असतं.

औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरीला फक्त महिना आणि वर्ष असेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. 08/2026 म्हणजे 31 ऑगस्ट 2026.

‘विदिन’ आणि ‘वर्किंग डेज’

‘विदिन 7 डेज’ म्हणजे सात दिवसांच्या आत. ‘आफ्टर 7 डेज’ म्हणजे सात दिवस झाल्यावर. ‘वर्किंग डेज’ असेल तर सुट्ट्या मोजायच्या नाहीत. बँकांना रविवारी आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते.

हे ऑनलाइन फसवणुकीत फार महत्त्वाचं ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात ग्राहकाने तीन वर्किंग डेजच्या आत बँकेला कळवलं तर नुकसान त्याच्यावर येत नाही. मोजताना मेसेज आला तो दिवस सोडायचा. समजा, दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी मेसेज आला. तर शुक्रवार सोडायचा, शनिवार-रविवार सुट्टी. मधे दुसरी सुट्टी नसेल तर सोमवार पहिला दिवस आणि बुधवार तिसरा.

पण बुधवारची वाट बघत बसायचं नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी बसतं. त्यामुळे लगेच बँकेला आणि 1930 या हेल्पलाइनला फोन करा.

‘फ्रॉम’ : पहिला दिवस धरायचा की सोडायचा?

यावरून सरकारी कचेरीत नेहमी वाद होतो. 1897च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 9नुसार केंद्रीय कायद्यात ‘फ्रॉम’ शब्द वापरला की पहिला दिवस वगळला जातो, आणि ‘टू’ वापरला की शेवटचा दिवस धरला जातो. कलम 10 सांगतं, की शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कार्यालय बंद असेल, तर पुढे ते उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीतच धरायचं.

माहितीच्या अधिकारात उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. कार्यालयाला अर्ज 1 मार्चला मिळाला तर 2 मार्च हा पहिला दिवस आणि 31 मार्च हा तिसावा.

नोटिशीत ‘इन्क्लुझिव्ह’ किंवा ‘इन्क्लुडिंग’ असेल तर तो दिवस धरून, ‘एक्स्क्लुडिंग’ असेल तर सोडून. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024पासून 60 दिवस आधी सुरू होतं. त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत.

रात्री बाराचा घोळ

‘12 एएम’ म्हणजे मध्यरात्र, ‘12 पीएम’ म्हणजे दुपार. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून ‘शनिवारी रात्री साडेबारा’ हा आपल्या लेखी शनिवारच. इंग्रजी तारीख मात्र रात्री बारालाच बदलते, आणि तिच्या हिशेबाने तो रविवार असतो.

तिकिटावर 10 तारीख आणि 00:10 वेळ असेल, तर 9 तारखेला जेवण करून रात्री स्टेशनवर जायचं. 10च्या रात्री गेलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

तारखेचे आकडे

आपल्याकडे 05/06 म्हणजे 5 जून. अमेरिकेत महिना आधी लिहितात, तिथे हाच आकडा 6 मे होतो. परदेशी वेबसाइटवर किंवा ॲपवर फॉर्म भरताना रकान्यावरची खूण बघा. ‘डीडी’ म्हणजे दिवस, ‘एमएम’ म्हणजे महिना.

मुलाखतीत बोलताना

‘पासून’ या एका शब्दामुळे बहुतेकांची इथे चूक होते. सुरुवात सांगायची असेल तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’.

- 2019 पासून काम करतोय : आय हॅव बीन वर्किंग सिन्स 2019.
- पाच वर्षांपासून काम करतोय : आय हॅव बीन वर्किंग फॉर फाइव्ह इयर्स.

‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ सर्रास बोललं जातं, पण ते चूक आहे.

- दोन वर्षांपूर्वी : ‘टू इयर्स अगो’. ‘बिफोर टू इयर्स’ नाही.
- घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, वार-तारखेला ‘ऑन’, महिना-वर्षाला ‘इन’ : ॲट 10 ओक्लॉक, ऑन मंडे, इन जून.
- सव्वादहा ‘क्वार्टर पास्ट टेन’, साडेदहा ‘हाफ पास्ट टेन’, पावणेदहा ‘क्वार्टर टू टेन’.
- मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. इंग्रजीत मागचा ‘डे बिफोर येस्टरडे’, पुढचा ‘डे आफ्टर टुमॉरो’.

एवढं लक्षात ठेवा

मुदतीच्या मेसेजमध्ये तारखेच्या आधीचा शब्द वाचा. शंका असेल तर एक दिवस आधीच काम उरका. फोन करून विचारायचं झालं तर ‘पर्यंत’ म्हणून विचारू नका. ‘31 तारखेला आलो तर चालेल का?’ असं सरळ विचारा.