श्रवणदोष आणि संवाद : यंत्राइतकेच महत्त्व समोरच्या माणसाला

बनशंकरी (बेंगळुरू) : बदामीच्या बनशंकरीला महाराष्ट्रातील अनेक घराणी कुलस्वामिनी मानतात. त्याच देवीचे मंदिर दक्षिण बेंगळुरूत कनकपुरा रस्त्यावर असून सभोवतालच्या वस्तीलाही तिचेच नाव लाभले आहे. मंदिरातील गर्दी, जवळचे बसस्थानक, जून २०१७ मध्ये सुरू झालेले मेट्रो स्थानक आणि वाहनांचा अखंड आवाज यांत बोलणे नेमके ऐकणे निकोप कानांनाही कठीण जाते. मुलांकडे राहावयास आलेल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या मराठी ज्येष्ठांची अडचण येथे दुहेरी असते. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि रुग्णालयात बहुधा इंग्रजी, अशा तीन भाषांतून त्यांना वाट काढावी लागते.

ध्वनी कानाने टिपला, तरी त्याचा अर्थ मेंदू लावतो. निसटलेला शब्द मेंदू संदर्भावरून भरून काढतो. मातृभाषेत हे सहज साधते. अपरिचित भाषेत हा आधार राहत नाही. त्यामुळे घरात बऱ्यापैकी संवाद साधणारी व्यक्ती दुकानात किंवा दवाखान्यात एकाएकी गप्प होते. या मौनाचा अर्थ अनेकदा विसराळूपणा किंवा हट्टीपणा असा लावला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असून, त्यांपैकी सुमारे ४३ कोटींना उपचार व पुनर्वसनाची गरज आहे. भारतात २०११ च्या जनगणनेत ५० लाखांहून अधिक व्यक्तींची श्रवणविषयक दिव्यांगत्व असल्याची नोंद झाली. वाढते वय, दीर्घकाळ मोठ्या आवाजाचा संपर्क, कानाचे संसर्ग आणि काही औषधांचे दुष्परिणाम ही त्याची प्रमुख कारणे होत.

‘ऐकू येते, पण कळत नाही’

वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषात प्रथम उच्च कंपनसंख्येचे ध्वनी क्षीण होतात. स्वर ऐकू येतात. मात्र ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारखी हलकी व्यंजने निसटतात. त्यामुळे आवाज पोहोचतो, शब्द उमगत नाही. अशा वेळी ओरडून बोलण्याचा उपयोग होत नाही. उलट उच्चार विकृत होतात आणि बोलणारा रागावल्याचा भास होतो.

ओठांच्या हालचाली पाहण्याने मोठी मदत होते, परंतु तिलाही मर्यादा आहेत. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ उच्चारताना ओठ सारखेच दिसतात. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील फरक तर ओठांवर उमटतच नाही. औषधाची मात्रा, रक्कम, वेळ आणि पत्ता या गोष्टी म्हणूनच लिहून द्याव्यात.

बोलणाऱ्याने काय करावे

प्रथम नावाने हाक मारून किंवा समोर येऊन लक्ष वेधावे आणि मगच बोलावे. दुसऱ्या खोलीतून अथवा पाठमोरे राहून बोलू नये. चेहऱ्यावर उजेड असावा. खिडकीकडे पाठ करून बसल्यास चेहरा अंधारात जातो. दूरचित्रवाणी, मिक्सर किंवा पंख्याचा आवाज शक्य तेवढा कमी करावा. सावकाश, परंतु स्वाभाविक लयीत बोलावे. वाक्य न समजल्यास तेच पुन्हा न उच्चारता वेगळ्या शब्दांत सांगावे. विषय बदलताना तसे सूचित करावे. ‘काही नाही, जाऊ द्या’ असे म्हणून संभाषण तोडल्यास ती व्यक्ती हळूहळू कुटुंबापासून दुरावते.

ऐकणाऱ्याचीही भूमिका महत्त्वाची आहे. न समजता मान डोलावणे धोक्याचे ठरू शकते. नुसते ‘काय?’ न विचारता ‘गोळी सकाळी घ्यायची, हे कळले, पण किती?’ असे नेमके विचारावे. कन्नड भाषकांशी बोलताना ‘ननगे किवि सरियागि केळिसुवुदिल्ल’ (मला नीट ऐकू येत नाही) आणि ‘दयविट्टु बरेदु तोरिसि’ (कृपया लिहून दाखवा) ही दोन वाक्ये उपयोगी पडतात. ती कन्नड लिपीत लिहिलेले कार्ड जवळ बाळगणे अधिक सोयीचे. बोलणे अक्षरांत उमटवणारी मोबाइलवरील सुविधाही साहाय्यभूत ठरते.

तपासणी व साहाय्य

श्रवणयंत्र तपासणीविना, केवळ जाहिरात पाहून घेऊ नये. श्रवणालेखानुसार ते जुळवून घ्यावे लागते आणि मेंदूला सरावण्यास काही आठवडे लागतात. आरंभी शांत खोलीत थोडा वेळ वापरून हळूहळू अवधी वाढवावा. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक ऐकू येईनासे झाल्यास ती तातडीची बाब समजून शक्यतो त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कानात तेल घालून वाट पाहू नये.

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था (स्थापना १९६५) आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था (१९८३) येथे तपासणी व पुनर्वसनाची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबलचा दोष असल्यास बधिर, तर ६० ते ७० डेसिबल असल्यास अल्पश्रवण अशी वर्गवारी केली जाते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना मिळणाऱ्या साधनांत श्रवणयंत्राचाही समावेश आहे.

श्रवणयंत्र ध्वनी वाढवते. संवाद मात्र दोघांनी मिळून घडवावा लागतो. समोर येऊन, उजेडात आणि धीराने बोललेले वाक्य यासाठी कोणताही खर्च येत नाही. ज्येष्ठांना घरातील निर्णयांत आणि गप्पांत सहभागी ठेवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.