आवडीचं इंजिन, लडाखची पहाट

चेन्नईत जानेवारीची पहाट म्हणजे आमचे शेजारी कानटोपी घालून फिरायला निघतात तो काळ. पारा असतो वीस-एकवीस अंशांवर. माझी जुनी डिझेल गाडी किल्ली फिरवताच गुरगुरते. अशा वेळी मला लडाखमधली एक पहाट आठवते.

तेव्हा मी कॅप्टन होतो. चौकीवर एका जवानाच्या छातीत पाणी भरू लागलं होतं. उंचीच्या या आजारात माणसाला लवकरात लवकर खाली उतरवावं लागतं. पहाटे चारला गाडी चालू करायला गेलो. स्टार्टर दोनदा कण्हला, मग नुसती टिकटिक. बॅटरी रात्रभर गाडीतच राहिली होती. ती काढून आत घ्यायला सांगायचं मीच विसरलो होतो.

आमचे एमटी हवालदार साताऱ्याकडचे. त्यांनी बुखारीशेजारी ठेवलेली दुसऱ्या गाडीची बॅटरी आणली, ब्लो लॅम्पने इंजिनाचं ऑइल चेंबर खालून शेकलं. चाळीस मिनिटांनी इंजिन धडधडलं. जवान वाचला. हवालदार एवढंच म्हणाले, "साहेब, इथं गाडी सकाळी चालू होत नसते. आदल्या रात्रीच चालू करायची असते."

खडकवासल्यात शिकलेल्या उष्णताशास्त्राचा अर्थ मला त्या दिवशी कळला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला यशस्वी करून दाखवलेली युक्ती साधी आहे. हवा पंधरा-वीस पट दाबली की ती पाचशे अंशांपलीकडे तापते, आणि तिच्यात फवारलेलं तेल आपोआप पेटतं. थंडी नेमका इथेच घाव घालते. गारठलेलं लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. वंगण घट्ट होऊन इंजिन जड फिरतं आणि त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते. वर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो.

१९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याला थंडीने असंच गाठलं. त्यांचे रणगाडे पेट्रोलचे होते, पण गोठलेल्या वंगणापुढे तेही हतबल झाले. इंजिनाखाली शेकोट्या पेटवायची वेळ आली. समोरच्या रशियन टी-३४ मध्ये खारकोव्हला घडवलेलं व्ही-२ हे बारा सिलिंडरचं, सुमारे ३८.८ लिटरचं डिझेल इंजिन होतं. थंडीत तेही लाडाने चालू होत नसे. पण बनवणाऱ्यांनी हिवाळा आधीच गृहीत धरला होता. बॅटरी दमली तर दाबलेल्या हवेच्या बाटल्यांनी इंजिन फिरवायची सोय त्यात होती.

हे सगळं चेन्नईत बसून का सांगतोय? कारण त्या व्ही-२ चे वंशज इथे, शहराच्या पश्चिमेला आवडीत तयार होतात. मराठी कानाला गोड वाटणाऱ्या या गावातल्या अवजड वाहन कारखान्यातून १९६५ मध्ये पहिला विजयंता बाहेर पडला. पुढे टी-७२ आणि टी-९० आले. १९८७ मध्ये उभ्या राहिलेल्या इंजिन कारखान्यात त्यांची इंजिनं घडू लागली. टी-७२ चं ७८० अश्वशक्तीचं, टी-९० चं १००० चं. घराणं तेच, आणि दाबलेल्या हवेची सोयही तीच.

दक्षिणेचं आणि त्या बर्फाचं नातं त्याहून जुनं आहे. १९४८ मध्ये झोजिलावर जनरल थिमय्यांना रणगाडे चढवायचे होते. वाट नव्हती. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी ती खोदून रुंद केली, आणि १ नोव्हेंबरला ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरची ती खिंड ओलांडून गेले. यातले कित्येक सॅपर तमिळ मुलखातले, जिथे बर्फ पडतच नाही!

लडाखमध्ये आम्ही डिझेलमध्ये रॉकेल मिसळून पातळ करायचो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. पुढच्याच हिवाळ्यात पूर्व लडाखमध्ये टी-७२ आणि टी-९० तैनात राहिले. तेल सुधारलं, तरी बॅटरी आणि वंगण सांभाळणारा माणूस रात्री जागाच लागतो.

सध्या मी इथल्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत शिकवतो. घामाने भिजलेल्या कॅडेट्सना उणे तीस अंश समजावणं अवघड आहे. म्हणून मी त्यांना झोजिला सांगतो, मॉस्को सांगतो, आणि शेवटी माझी विसरलेली बॅटरीही सांगतो. एकाने विचारलं, "सर, तो जवान वाचला नसता तर?"

मी उत्तर दिलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आदल्या रात्रीच द्यायचं असतं.