महाडचा सत्याग्रह मुलांना कसा शिकवावा?

महाडच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगताना आपण बहुधा २० मार्च १९२७ पाशी थांबतो. बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, एवढेच मुलांच्या लक्षात राहते. हक्क कागदावर मिळणे वेगळे आणि प्रत्यक्ष वापरता येणे वेगळे, हा महाडचा खरा धडा मात्र निसटतो. त्यासाठी आम्ही तीन उपक्रम सुचवतो.

१. दोरीवरचा इतिहास : विहारात दोरी बांधून मुलांना क्रमाने कार्डे लावायला सांगा. १९२३ : सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव. १९२४ : तळे खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव. मार्च १९२७ : सत्याग्रह. २५ डिसेंबर १९२७ : मनुस्मृती दहन. १९३७ : उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूने निकाल. मग विचारा, ठराव आधीच झाला होता, तर चौदा वर्षे का लागली?

२. आजी-आजोबांची मुलाखत : गावात पाणी कुठून आणायचे? विहिरीवर कोण जाऊ शकत नसे? उत्तरे मुलांनी वहीत लिहावीत. एखाद्या आठवणीवर बोलायचे नसेल, तर आग्रह नको.

३. संविधान वाचन : घरी सर्वांनी मिळून अनुच्छेद १५ आणि १७ वाचा. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द मुलांनाच शोधू द्या. ते तिथे का आले, हे त्यांना आता सांगावे लागणार नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत मुले नाचतातच. त्यांच्या हातात ही वहीही असू द्या.

जय भीम!