ठप्पा गिरणीचा, कापड कुणाचं?

नावाजलेल्या दुकानातून घेतलेला सदरा चार धुण्यांत विटला, शिवण तिरकी झाली, कॉलरच्या कडेला बोंडं आली, की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘‘पूर्वीचं कापड राहिलं नाही हो!’’ या वाक्यात राग कमी आणि दुःख जास्त असतं. रस्त्यावरच्या ढिगातून उचललेला कपडा फाटला तर आपण हसून सोडून देतो. पण जिथे आजी, आई जात होती, ज्या नावावर डोळे मिटून पैसे मोजले, तिथून आलेलं कापड दगा देतं तेव्हा ते मनाला लागतं. तर हे ‘पूर्वीचं कापड’ म्हणजे नेमकं कधीचं कापड, आणि त्याच्यावरचा विश्वास कुठून आला, याचा आज थोडा शोध घेऊ या.

हा शोध घ्यायला वडाळ्यासारखी जागा नाही. हार्बर लाइनवर वडाळा रोडहून दक्षिणेकडे निघालं की शिवडी लागतं आणि त्यापुढे कॉटन ग्रीन. कुलाब्याला भरणारा कापसाचा बाजार १९२० च्या दशकात इकडे आला, म्हणून हे नाव. वडाळ्याच्या पश्चिमेला, नायगावच्या अंगाला, बॉम्बे डाईंगची स्प्रिंग मिल उभी होती. उत्तरेला माटुंग्याच्या हद्दीत व्हीजेटीआय. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था भायखळ्याहून १९२३ साली इथे आली आणि गिरण्यांना विणकामाचे तंत्रज्ञ देत राहिली. तिच्या जवळच आडेनवाला रोडवर १९२४ साली कापसाची तंत्रशाळा निघाली. तंतू किती लांब, किती बळकट, त्याचं सूत किती बारीक निघेल, हे तिथे मोजू लागले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, त्यात कापडाच्या रंगाईचं शिक्षण होतं. म्हणजे कापूस, सूत, साचे, रंग आणि तपासणी, सगळं एका सकाळच्या फेरफटक्यात बघता येईल इतकं जवळ होतं.

एवढी तपासणी लागली, कारण कापडाच्या धंद्यात फसवणूक फार जुनी आहे. आणि सुरुवात, सांगायला हरकत नाही, आपल्याकडूनही झाली होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा त्या मुंबईकडे वळल्या. भाव आकाशाला भिडले आणि गाठींत कापसाबरोबर माती, सरकी, दगड आणि पाणीही भरलं जाऊ लागलं. आपल्याकडच्या कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत. तो शब्दच तिथे हलक्या, भेसळीच्या मालासाठी वापरला जाऊ लागला. अखेर मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

पण लँकेशायरनेही परतफेड केली. कापूस महाग झाल्यावर तिकडच्या विणकऱ्यांनी सुताला खळ जास्त लावायला सुरुवात केली. खळ ही मुळात गरजेचीच. उभ्या धाग्याला पिठाची खळ दिली नाही तर साच्यावर तो तुटतो. पण या खळीत चिनी मातीची पूड मिसळू लागले. काही कापडांत उभ्या सुताच्या वजनाइतकंच वजन खळीचं असे. दुकानात ठाण कसं जड, भरगच्च, गुळगुळीत लागायचं! घरी आणून एकदा पाण्यात घातलं की पिठूळ पाणी निथळायचं आणि हातात जाळीसारखा पातळ फडका उरायचा. जहाजाच्या दमट पोटात त्या खळीला बुरशी लागे ती वेगळीच. १८७० च्या दशकात यावरून इंग्लंडमध्ये मोठी ओरड झाली. माती मिसळलेल्या खळीची धूळ उडून तिथल्या विणकर बायामाणसांच्या छातीत जाते, हीही तक्रार तेव्हाच पुढे आली.

गिऱ्हाइकाने मग ओळखायचं कसं? ठाणावर चिकटवलेल्या चित्रावरून. मँचेस्टरहून येणाऱ्या मालावर देवादिकांची, हत्तीघोड्यांची रंगीत तिकिटं असत. इंग्रजी न येणारा माणूस सांगे, ‘‘त्या अमक्या छापाचं कापड द्या.’’ चित्र ओळखीचं म्हणजे माल खात्रीचा. विश्वास कापडावर नसून छापावर होता, हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच फिरते. लांबीचीही तीच कथा. आपल्या बायका नऊवारी नेसणाऱ्या. वारात दोन बोटं मारली तरी नऊ वारांत वीतभर लुगडं कमी पडतं आणि ते निरी काढताना कळतं! १८८९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने ठाणावर खरी लांबी वारांत छापणं बंधनकारक केलं. कापडाच्या काठावरचा ठप्पा इथून कायद्याचा झाला.

स्वदेशी चळवळीने या ठप्प्याला देशभक्तीचं बळ दिलं. १९०५ नंतर मुंबईच्या गिरण्यांचा माल हातोहात खपू लागला. ‘जाडंभरडं असलं तरी आपलं’ या भावनेने लोकांनी तो घेतला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विदेशी कापडाच्या मोटारीखाली बाबू गेनू या तरुण गिरणी कामगाराने प्राण दिला. कापड कुणाचं आहे, या प्रश्नाला त्या दिवसांत एवढी किंमत होती. आणि त्याच दिवसांत खादीच्या नावावर गिरणीत काढलेलं जाडं कापडही बाजारात विकलं जात होतं. ते इतकं वाढलं, की १९३४ साली सरकारला ‘खद्दर’ नावाच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. हातानं कातलेलं आणि हातानं विणलेलं असेल त्यालाच खादी म्हणायचं, असं त्यात ठरलं.

आता गिरणीच्या आत जाऊ. ‘पूर्वीचं कापड’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर असतात ती १९३० ते १९७० या काळातली मुंबईच्या गिरण्यांची शर्टिंगं, धोतरं, चादरी, टॉवेल. काही कापडं खरोखरच टिकाऊ होती. सूत चांगलं पिळलेलं, धागे दाट, रंग पक्का. ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द काठावर असला तर कापड आटणार नाही, अशी खात्री असे. हे अमेरिकेत निघालेलं तंत्र होतं. कापड आधीच यंत्रावर आटवून घ्यायचं आणि मग धुण्यात ते शेकडा एकापेक्षा जास्त आटता कामा नये, असा त्याचा दंडक होता. स्प्रिंग मिलची मालकी असलेल्या बॉम्बे डाईंगची सुरुवात नवरोसजी वाडियांनी १८७९ साली केली, तीही सूत रंगवण्यापासून. हातानं रंगात बुडवायचं आणि उन्हात वाळवायचं. पुढे या नावाच्या चादरी रुखवतात मांडल्या जाऊ लागल्या.

पण हा दर्जा राखायचा खर्च कुणाच्या खिशातून जात होता? फोल्डिंग खात्यात कापड उजेडावर ताणून बघत. कुठे धागा सुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे झिरझिरीत पट्टा. खराब निघालेलं कापड अनेक गिरण्यांतून साचेवाल्याच्याच गळ्यात मारलं जाई आणि त्याची किंमत पगारातून कापली जाई. मग सुटी झाल्यावर तो बिचारा ते ठाण बाजारात मिळेल त्या भावाला विकायचा. आता बघा, सूत हलक्या कापसाचं असलं की ते साच्यावर वारंवार तुटणार, कापडात दोष येणार. कापूस मालकाने निवडलेला, दंड मात्र विणणाऱ्याला. ही कामगारांची जुनी तक्रार होती. रॉयल कमिशनसमोरही ती मांडली गेली. १९३६ च्या वेतन कायद्याने या कपातीला आवर घातला. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको, अशी मर्यादा आली. तेव्हा आजोबांचं धोतर दहा वर्षं टिकलं, याचं श्रेय गिरणीच्या नावाला देताना त्या साचेवाल्यालाही थोडं द्यायला हवं.

आणि सगळंच पूर्वीचं कापड चांगलं होतं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ साली नियंत्रण आलं आणि ठाणावर किंमत छापली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या आरंभी नियंत्रण उठवलं तर भाव भडकले, त्याच वर्षी ते परत आणावं लागलं. १९६४ पासून गिरण्यांना धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे पाच प्रकार ठरल्या भावात काढण्याची सक्ती झाली. हेतू गरिबाला अंगभर कापड मिळावं हा. पण ज्या मालात तोटा, तो माल कोण मन लावून काढणार? ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्दच घराघरांत हलक्या कापडाचा पर्याय झाला. १९७८ साली खासगी गिरण्या या सक्तीतून सुटल्या आणि ओझं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळावर, म्हणजे आधीच आजारी म्हणून ताब्यात घेतलेल्या गिरण्यांवर पडलं.

मग आला १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लालबाग, परळ, नायगाव, वडाळा इथल्या चाळींनी काय सोसलं, ते वेगळं सांगायला नको. गिऱ्हाइकाच्या बाजूने मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. साचे बंद पडले, तरी दुकानांत कापड येतच राहिलं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणून घ्यायचं आणि त्यावर गिरणीचा ठप्पा मारायचा, ही पद्धत आधीच सुरू झाली होती, संपाने ती रूढ केली. काठावरचं नाव तेच, पण ते विणणारा हात, तपासणारं फोल्डिंग खातं आणि रंग बघणारा मास्तर, सगळे बदलले होते.

यात यंत्रमागवाल्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. त्याची कारागिरी कमी नाही. त्याला धागे किती आणि सूत कुठलं हे वरून ठरवून येतं आणि भाव मीटरमागे मोजला जातो. भाव कमी केला की इंचातले दोन धागे जातात. दुकानातल्या माणसाला ते दिसत नाहीत, धोब्याला दिसतात.

पुढचा रस्ता आपल्याला ठाऊक आहे. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, २००१ साली ती रुंद झाली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाईंगच्या खटल्यात त्या बदलाला मान्यता दिली. स्प्रिंग मिलच्या जागेवर आज उंच निवासी मनोरे आहेत. नाव चादरींवर आहे, नायगावात साचे नाहीत. हे एकट्या मुंबईचं नाही. मोठमोठ्या विलायती दुकानांचे कपडे कुठे शिवले जातात, हे २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसं गेली तेव्हा जगाला कळलं. खादीचंही तेच. फोर्टातलं खादी एम्पोरियम १९५४ पासून चालवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र खादी आयोगाने २०२२ साली रद्द केलं. तिथे खादीच्या नावाने खादी नसलेला माल विकला जातो, असा आयोगाचा आरोप होता. १९३४ चा कायदा ज्यासाठी झाला, तोच प्रश्न ८८ वर्षांनी पुन्हा उभा राहिला.

खळही गेलेली नाही, तिने रूप बदललं आहे. तेव्हा कापड जड वाटावं म्हणून माती असे, आता ते रेशमासारखं मऊ लागावं म्हणून सिलिकॉनचा हात फिरवतात. काही धुण्यांत तो उतरतो आणि खालचं आखूड तंतूंचं सूत उघडं पडतं. बोंडं येतात ती त्यामुळे.

मग गिऱ्हाइकाने करावं काय? आपल्या आज्या कापड विकत घेताना ते दोन्ही हातांत धरून चोळत, पूड पडते का बघत. उजेडासमोर धरून धाग्यांची दाटी बघत. घरी कडेचा एक धागा काढून जाळून पाहत. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, कृत्रिम असेल तर वितळून मणी होतो. या परीक्षा आजही चालतात. शिवाय तंतूंचं प्रमाण आणि उत्पादकाचं नाव कापडावर द्यायचा नियम १९८८ पासून आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीचा धडा घालून दिला. १९८६ चा आणि आता २०१९ चा ग्राहक कायदाही आहे. पावती जपून ठेवली तर तक्रार करता येते. आपण पावती फेकतो आणि नावावर रुसून बसतो.

तेव्हा यापुढे दुकानात गेलात, की काठावरचं नाव जरूर वाचा. त्याबरोबर कापड उलटं करून आतली शिवण बघा, चिठ्ठी वाचा आणि हे कुठे विणलं, कुठे शिवलं, असं विचारा. विक्रेत्याला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा गिऱ्हाइकांनी दहा वेळा विचारलं, तर तो वरच्याला विचारील. १८८९ साली ठाणावर वारांचा आकडा छापला जाऊ लागला, तोही कुणीतरी आधी ‘हे नऊ वार नाहीत’ असं म्हटल्यामुळेच.