ग्राहकाचा नकाराधिकार : अमेरिकेतील नेमबाजीचा व्यापार आणि उत्पादकांची राजकीय मते (१९८९-२०१९)

प्रास्ताविक

व्यापाऱ्याने राजकारणावर बोलू नये, हा बाजारपेठेतील जुना संकेत आहे. गिऱ्हाईक कोणत्या पक्षाचे आहे हे दुकानदार विचारीत नाही आणि दुकानदाराने मत कोणाला दिले याची गिऱ्हाइकालाही सहसा पर्वा नसते. अमेरिकेतील नेमबाजीच्या साहित्याचा व्यापार या संकेताला अपवाद ठरला आहे. तेथे बंदूक घेताना तिच्या नळीची अचूकता जशी पाहिली जाते, तसेच ती घडविणाऱ्याचे शस्त्रकायद्याविषयीचे मतही पाहिले जाते. हे मत ग्राहकाला रुचले नाही, तर काय घडते याची काही उदाहरणे गेल्या तीन-चार दशकांत विशेष गाजली. त्या सर्वांचा शेवट मात्र सारखा झाला नाही. या भिन्नतेची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्राहकवर्गाची घडण

अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी सुमार असल्याचा अनुभव उत्तरेच्या सैन्यातील अधिकाऱ्यांनी घेतला होता व ती सुधारणे हा संस्थेचा मूळ हेतू होता. पुढील सुमारे शंभर वर्षे स्पर्धा, प्रशिक्षण आणि शिकार हेच तिचे प्रमुख कार्यक्षेत्र राहिले. १९३४ व १९६८ च्या शस्त्रकायद्यांच्या वेळी संस्थेने विरोध जरूर केला, पण त्यातील काही तरतुदी मान्यही केल्या. १९७५ मध्ये कायदेविषयक कामासाठी तिने स्वतंत्र शाखा काढली. निर्णायक वळण आले ते मे १९७७ मध्ये. संस्थेचे मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोला हलवून खेळ व निसर्गविषयक उपक्रमांवर भर देण्याचा तत्कालीन नेतृत्वाचा विचार होता. सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत सभासदांनी हे नेतृत्वच उलथून टाकले आणि हार्लन कार्टर यांच्याकडे सूत्रे दिली.

या घटनेचा व्यापाराशी असलेला संबंध पुरेसा लक्षात घेतला जात नाही. लक्ष्यावर नेम धरण्यासाठी सभासद झालेला माणूस आता एका राजकीय चळवळीचाही घटक बनला. संस्थेच्या ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकातून त्याला नव्या रायफलींच्या जाहिराती आणि काँग्रेसमधील विधेयकांच्या वार्ता एकाच वेळी मिळत. ग्राहक आणि मतदार अशा रीतीने एकाच अंकाचे वाचक झाले.

रूगर यांचे पत्र

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे एका प्राथमिक शाळेत गोळीबार होऊन पाच मुले मृत्युमुखी पडली. अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घालावी अशी मागणी जोर धरू लागली. ‘स्टर्म, रूगर’ या कंपनीचे संस्थापक विल्यम रूगर यांनी ३० मार्च रोजी काँग्रेसच्या सर्व सदस्यांना पत्र पाठविले. बंदी बंदुकीवर नको, पंधराहून अधिक काडतुसे मावणाऱ्या मॅगझिनवर घालावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. बंदुका वाचविण्यासाठी मॅगझिनचा बळी देण्याचा हा व्यवहारी तोडगा होता. १९९४ च्या कायद्याने मर्यादा घातली ती दहा काडतुसांची, आणि बऱ्याच रायफलींवरील बंदी टळली नाही ती नाहीच. नेमबाजांनी याचा दोष रूगर यांच्या माथी मारला. हा कायदा २००४ मध्ये मुदत संपून रद्द झाला, तरी राग पूर्णपणे निवला नाही.

असे असूनही कंपनी तरली. पत्र काँग्रेसला उद्देशून होते; त्यामुळे एकाही दुकानदाराच्या दैनंदिन व्यवहारात फरक पडला नाही. रूगर २००२ साली निवर्तले. २०११ मध्ये याच कंपनीने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे एक डॉलर रायफल असोसिएशनच्या कायदेविषयक शाखेला देण्याची योजना जाहीर केली आणि वर्षभरात दहा लाखांहून अधिक डॉलर दिले. ग्राहकाच्या मतापुढे कंपनीने मान तुकविली, इतकेच नव्हे तर ते मत विक्रीच्या हिशेबातच धरले.

स्मिथ अँड वेसनचा करार

याउलट स्मिथ अँड वेसनला तग धरता आला नाही. १८५२ पासूनचा वारसा सांगणारी ही मॅसॅच्युसेट्समधील कंपनी १९८७ साली टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने सुमारे ११ कोटी डॉलरला विकत घेतली होती. १९९८ पासून न्यू ऑर्लिन्स, शिकागो आदी शहरांनी बंदूक-उत्पादकांविरुद्ध नुकसानभरपाईचे दावे लावले. या दाव्यांच्या छायेत १७ मार्च २००० रोजी कंपनीने क्लिंटन प्रशासनाशी करार केला. प्रत्येक बंदुकीबरोबर कुलूप देणे, केवळ मालकालाच वापरता येईल अशा पिस्तुलाच्या संशोधनावर उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा खर्च करणे, ग्राहकाची पार्श्वभूमी तपासून झाल्याखेरीज विक्री न करणे, अशा त्यातील अटी होत्या. यांतील बऱ्याच अटी एकेकट्या पाहिल्यास फारशा जाचक वाटत नाहीत.

खरी मेख वेगळीच होती. या कंपनीचा माल ठेवणाऱ्या विक्रेत्याने विक्रीविषयीच्या अटी आपल्या दुकानातील इतर कंपन्यांच्या बंदुकांनाही लागू कराव्यात, असे करारात होते. म्हणजे एका उत्पादकाच्या राजकीय तडजोडीची किंमत सर्वस्वी परक्या दुकानदाराने मोजावयाची. त्याच्यापुढे पर्याय सोपा होता. अनेकांनी कंपनीचा माल ठेवणेच सोडले. रायफल असोसिएशनने कराराला शरणागती ठरविले आणि नेमबाजांनी बहिष्काराचे शस्त्र उपसले. कंपनीचा मालक इंग्रज आहे, हेही विरोधकांनी आवर्जून सांगितले. मराठी वाचकाला १९०५ च्या स्वदेशी चळवळीमुळे बहिष्कार अपरिचित नाही. तेथे मालच विलायती होता. येथे माल अस्सल अमेरिकी, तो बनविणारे कामगारही अमेरिकी, बहिष्कार होता तो मतावर. त्याची झळ प्रथम लागली ती कारखान्यातील कामगारांना, ज्यांना करार करताना कोणी विचारले नव्हते.

कंपनीचे प्रमुख एड शुल्ट्झ यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. मे २००१ मध्ये टॉमकिन्सने ही कंपनी सेफ-टी-हॅमर या ॲरिझोनातील छोट्या कंपनीला विकली. रोख किंमत होती अवघी दीड कोटी डॉलर. हा खरेदीदार बंदुकांच्या सुरक्षा-कुलपांच्याच व्यवसायातील होता, हा योगायोग गमतीचा खरा. बुश प्रशासनाने कराराची अंमलबजावणी करविण्यात रस दाखविला नाही. २००५ च्या संघीय कायद्याने उत्पादकांना अशा बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले आणि ज्या भीतीपोटी करार झाला ती भीतीच ओसरली.

व्यक्तीचे मत, दुकानाचे मत

मॉन्टानातील कूपर फायरआर्म्स ही कंपनी शिकारीच्या व अचूक नेमबाजीच्या रायफली बनवीत असे. तिचे संस्थापक डॅन कूपर यांनी बराक ओबामा यांच्या प्रचारनिधीला देणगी दिल्याचे ऑक्टोबर २००८ मध्ये वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले. ग्राहकांच्या संतापामुळे संचालकांनी काही दिवसांतच त्यांचा राजीनामा मागितला. येथे ना करार होता, ना विधेयक. बहिष्कार हे ग्राहकाचे रास्त साधन असले, तरी या प्रसंगी ते एका नागरिकाच्या मतपेटीपर्यंत पोहोचले, असेच म्हणावे लागते. उलट टेनेसीतील बॅरेट कंपनीने कॅलिफोर्नियाने मोठ्या व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली म्हणून तेथील सरकारी यंत्रणांना माल देण्याचे नाकारले, तेव्हा याच ग्राहकवर्गाने तिचा गौरव केला. उत्पादकाने मत मांडू नये असे त्याचे म्हणणे कधीच नव्हते. अनुकूल मत त्याला हवेच होते. याचा परिणाम असा की, मॅगझिनमध्ये किती काडतुसे असावीत, कुलूप कसे असावे, यांविषयी ज्यांना सर्वांत अधिक तांत्रिक ज्ञान आहे, तेच उत्पादक कायद्याच्या चर्चेत तडजोडीचा प्रस्ताव मांडण्यास धजेनासे झाले.

डिक्स स्पोर्टिंग गुड्स ही साखळी १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे मासेमारीच्या साहित्याचे दुकान म्हणून सुरू झाली. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत सतरा जणांची हत्या झाली. मारेकऱ्याने पूर्वी एक शॉटगन या साखळीतून घेतली होती. ती गुन्ह्यात वापरली गेली नव्हती. तरीही प्रमुख एड स्टॅक यांनी महिनाअखेरीस लष्करी धाटणीच्या रायफलींची विक्री थांबविली, खरेदीचे किमान वय २१ केले आणि कठोर कायद्याची जाहीर मागणी केली. शिल्लक राहिलेल्या सुमारे ५० लाख डॉलरच्या रायफली नष्ट करण्यात आल्या. काही उत्पादकांनी साखळीशी संबंध तोडले, उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेने तिला सभासदत्वातून काढले, विक्रीत घट झाली. पण स्मिथ अँड वेसनजवळ बंदुकीखेरीज फारसे काही नव्हते. या दुकानांत बूट होते, चेंडू होते, व्यायामाचे कपडे होते आणि ते घेणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्यात बंदूक हाती धरलेली नव्हती. २०१९ मध्ये साखळीने १२५ दुकानांतील शिकारीचा विभागच बंद केला आणि ती जागा इतर क्रीडासाहित्याला दिली.