बर्फाचं जाकीट

अकोल्यात मी पोरांना पळायला शिकवतो, त्यामुळे उन्हाचा इतिहास मला पदकांच्या इतिहासाइतकाच जवळचा.

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा संस्थेने बर्फाची जाकिटं बनवली. नौकानयनाचे खेळाडू ती घालूनच वॉर्म-अप करत. शर्यतीआधीच अंगात गारवा साठवायचा, हा विचार तिथे जगाला दिसला.

मग २००४, अथेन्स. महिलांची मॅरेथॉन संध्याकाळी सहाला सुटली, तरी पारा ३५ अंशांच्या आसपास. विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ ३६ किलोमीटरच्या सुमारास थांबली, रस्त्याकडेला बसून रडली. अमेरिकेची डीना कॅस्टर मात्र सुरुवातीआधी बर्फाचं जाकीट घालून होती. आधी मागे राहून, एकेकीला गाठत ती तिसरी आली. पदक जाकिटानेच दिलं असं मी म्हणणार नाही. तिची सबुरीही तेवढीच मोठी.

पुढे बर्फाच्या चुऱ्याचं पेय आलं. एक किलो बर्फ नुसता वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणून ते गार पाण्यापेक्षा सरस. गारवा अंगाला द्यायचा, पाय मात्र गार पडू द्यायचे नाहीत; गारठलेले स्नायू जोर लावत नाहीत.

आमच्याकडे जाकिटं नाहीत. ओल्या पंच्यात बर्फ गुंडाळून पोरं मानेवर घेतात. एप्रिल-मेमध्ये स्पर्धा भरवणाऱ्यांनो, शर्यत सुटते तिथे सावली आणि बर्फ ठेवा.