दिनविशेष ३० सप्टेंबर : किल्लारीची ती पहाट आणि या तारखेच्या इतर घटना

३० सप्टेंबर म्हटलं की मराठवाड्यात आधी किल्लारीच आठवते. साल १९९३, वार गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून, मिरवणुकीत नाचून थकलेली गावं गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि काही सेकंदांत लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगाऱ्यात गेली. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि त्या वेळच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर, ही दोन नावं त्या दिवसापासून देशभर माहीत झाली.

भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडी वर होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि एवढी माणसं जात नाहीत. मग इथं का गेली? घरं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दोन्ही बाजूंनी दगड, मध्ये चिखल आणि गोटे. भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच. वर पांढऱ्या मातीचं माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा नवा थर पडायचा, म्हणजे घर जेवढं जुनं तेवढा डोक्यावरचा भार जास्त. उन्हाळ्यात असं घर थंडगार असतं, पण हादरा बसला की भिंत दोन्हीकडं फुटते आणि माळवद खाली येतं. कुडाच्या झोपडीत राहणारी अनेक कुटुंबं मात्र वाचली. वाडे असलेल्यांपेक्षा झोपडीवाले सुरक्षित राहिले, असं क्वचितच घडतं.

मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत ७,९२८ पासून जवळपास दहा हजारांपर्यंत दिलेला आहे. ५२ गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली. १९९२ च्या पावसाळ्यानंतर याच भागात जमिनीतून आवाज येत होते, छोटे धक्केही बसले होते. पण हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात धरलेला होता. २००२ मध्ये देशाचा नकाशा सुधारला तेव्हा हा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला.

तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. पूर्ण पडलेली गावं नव्या जागेवर वसवली गेली, कमी नुकसान झालेल्या घरांना आरपार दगड आणि काँक्रीटचे आडवे पट्टे घालून मजबूत करण्याचं काम गवंड्यांना शिकवलं गेलं. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलांना पुण्यात नेऊन शिकवलं. नव्या गावांत रस्ते रुंद आणि घरं लांब-लांब. शेत दूर पडलं, वाड्याची ओसरी गेली, अशी तक्रार तिथली म्हातारी माणसं करत आली आहेत. ती अगदीच खोटी नाही.

या तारखेला अयोध्येच्या प्रकरणात दोन निकाल लागले, हा योगायोगच. २०१० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानं वादग्रस्त २.७७ एकर जागा तीन पक्षांत वाटण्याचा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानं ९ नोव्हेंबर २०१९ ला तो रद्द केला. २०२० मध्ये लखनौच्याच विशेष सीबीआय न्यायालयानं बाबरी मशीद पाडल्याच्या खटल्यातले सर्व ३२ आरोपी निर्दोष सोडले.

२००१ : काँग्रेसचे नेते माधवराव शिंदे यांचं उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ विमान कोसळून निधन. कानपूरच्या सभेला निघाले होते. ग्वाल्हेरच्या या घराण्याचं मूळ गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड.

२००८ : जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यातल्या चामुंडा देवीच्या मंदिरात नवरात्राच्या पहिल्याच दिवशी चेंगराचेंगरी, दोनशेहून जास्त भाविकांचा मृत्यू.

१९५४ : अणुशक्तीवर चालणारी जगातली पहिली पाणबुडी नॉटिलस अमेरिकेच्या नौदलात दाखल. १९६६ : आफ्रिकेतला बोत्सवाना ब्रिटिशांपासून स्वतंत्र.